उचललेला भंडारा

फोन आला तेव्हा मी मोहालीच्या घरी डब्याच्या पोळ्या लाटत होते. बाल कल्याण समितीच्या बाई होत्या. "आपको मराठी आती है ना जी?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं आणि गॅस बंद केला. चंदीगडला येऊन इतकी वर्षं झाली होती, पण कामासाठी माझी मराठी कुणी कधी मागितली नव्हती. हिंदी इथे येऊन सुधारली, पंजाबी ऐकून ऐकून कळायला लागली, आणि मराठी उरली ती आईला फोन करण्यापुरती नि नवऱ्याशी भांडण्यापुरती. माझा मुलगासुद्धा मराठीत विचारलेल्याचं उत्तर हिंदीत देतो.

मुलांवरच्या अत्याचाराच्या केसमध्ये त्या मुलासोबत एक सहाय्यक व्यक्ती नेमतात. ते माझं काम. मी वकील नाही, पोलीस नाही. पोलीस ठाण्यात, दवाखान्यात, कोर्टात मुलाच्या शेजारी बसायचं, पुढे काय होणार ते त्याला समजेल असं आधी सांगून ठेवायचं, घरच्यांचा धीर टिकवायचा. काय बोलायचं ते मात्र कुणालाही सांगायचं नाही. हा पहिला नियम. साक्षीदाराला एक शब्द जरी पढवला असं दिसलं, तरी समोरचा वकील तोच धरून सगळं मोडतो.

मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावात शिकले. वडिलांचं एसटी स्टँडसमोर सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. बारावीचा निकाल लागल्यावर शाळेतल्या बाई दुकानापुढे येऊन उभ्या राहिल्या. वडील पंक्चर काढत होते. ते संपेपर्यंत बाई उन्हात तशाच उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या, "हिला समाजकार्याच्या कॉलेजात घालायचं. वसतिगृहाचं मी बघते." आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. बाईंचे उपकार फेडता येणारे नाहीत. कुणाच्या तरी शेजारी उभं राहायचं काम मला मिळालं, यात त्यांचाच हात आहे असं मी मानते.

त्या दिवशी समितीच्या खोलीत एक बाई बसली होती, डोक्यावर पदर, पायात प्लास्टिकच्या चपला. शेजारी तिची मुलगी. चौथीतली. मी "नमस्कार ताई, मी मोहालीला असते" एवढंच म्हटलं, तर बाईनं माझा हात धरला आणि रडायलाच लागली.

"तुमी आपल्यातल्याच?"

"हो. लांबची आहे, पण आपल्यातलीच."

मुलगी आमच्याकडे आळीपाळीनं बघत होती. मी मराठीत विचारलं, पाणी हवं का? ती म्हणाली, "नहीं दीदी, पी लिया." मग आई समितीच्या बाईंना काहीतरी सांगायला लागली, "मेरा बेटी को..." तसं तिनं आईच्या कोपराला हळूच टोचलं. "मम्मी, मेरा बेटी नहीं होता. मेरी." अशा खोलीतही तिला ते खपलं नाही. मला ती त्या क्षणी आवडली.

ते लोक सांगली जिल्ह्यातले, गलाईच्या धंद्यातले. तिकडच्या गावांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या देशभर पांगलेली आहेत. सराफ बाजार असेल तिथे यांची भट्टी असते, जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायची. एकजण जातो, जम बसवतो, मग गावाकडून भाऊबंद बोलावून घेतो. मालक आणि कामगार एकाच छताखाली राहतात, एकाच चुलीवरचं जेवतात. परक्या मुलखात हाच त्यांचा आधार, आणि बहुतेक घरांत तो खरोखरच आधार असतो. मुलीच्या वडिलांना असंच एका लांबच्या चुलत्यानं आणलं होतं. त्या चुलत्यांना सगळे शेठ म्हणत. दुकान शेठचं, राहायची वरची खोली शेठची, मुलीला शाळेत घालणारे शेठ, गणपतीत आरतीचं ताट धरणारेही शेठच. आई मला एकदा म्हणाली, "परका माणूस पोरीशी बोलला तर मी तिला हाक मारून आत घ्यायची. शेठपाशी सोडून मी भाजीला जायची. आपलाच माणूस म्हणून."

काय घडलं ते मी इथे लिहिणार नाही. ते त्या मुलीचं आहे. एवढंच लिहिते की एका दुपारी आई बाजारातून लवकर परतली तेव्हा गच्चीवरच्या खोलीतून शेठ खाली येताना तिनं पाहिले. त्यांच्यामागून मुलगी आली. आईनं तिचा चेहरा पाहिला, आणि तिला कळलं. कळूनही ती आठवडाभर गप्प राहिली. मग मुलीनं शाळेतल्या बाईंना सांगितलं, बाईंनी हेल्पलाइनला फोन केला आणि पोलीस आले. पोलिसांना मात्र आईनं पाहिलेलं सगळं सांगितलं. शेठना अटक झाली. वरची खोली गेली. बाजारात मुलीच्या वडिलांना कुणी कामावर घेईना, तेव्हा ते पिंजौरला गावाकडच्याच दुसऱ्या एका भट्टीवर गेले. आम्ही मायलेकींना मोहालीजवळच्या खरड गावात एक खोली बघून दिली. तिथे कॉलेजच्या मुलींचे पीजी पुष्कळ. त्यातल्या एकात आईला स्वयंपाकाचं काम मिळालं.

साक्षीची तारीख जवळ आली तसे आबा मला भेटायला समितीच्या कार्यालयात आले. आबा म्हणजे त्यांच्या गावचे इथले सर्वांत जुने गृहस्थ. पांढरं धोतर, डोक्यावर टोपी, हातात लाडवांचा डबा. हा माणूस लबाड नव्हता. त्याच्या घरात कितीतरी पोरं वाढून मार्गी लागली होती.

"बाई, तुमी आपल्याच की. ह्या मुलखात आपलं हाय कोण?"

"आजोबा, ती मुलगी आपली नाही का?"

"हाय की! म्हणून तर आलोय. उद्या तिचं लगीन कोण जमवणार, कोर्ट?"

मी म्हटलं, अशा केसमध्ये आपसात मिटवायला कायदा परवानगीच देत नाही. त्यांनी डब्याचं झाकण उघडून माझ्यापुढे सरकवलं.

"आमी काय त्याला सोडून दिऊ व्हय? सुटून आला की देवाम्होरं नाक घासायला लावू. दुकान बंद. पंजाबातनं बाहीर. गावात कुणी त्येच्या हातचं पाणी पिणार न्हाई. ही शिक्षा न्हाई? तुमच्या कोर्टात निस्ती तारीख. आमच्या देवाम्होरं तारीख नसती."

"आणि पोरीनं काय करायचं?"

"तिनं इसरायचं. लहान हाय. लहान पोरं इसरत्यात."

"नाही विसरत, आजोबा."

"लई शिकलासा, बाई," असं म्हणून ते उठले. डबा तिथेच ठेवून गेले. कुणी त्यातला लाडू घेतला नाही.

साक्षीच्या दिवशी मी कोर्टाच्या फाटकाशी उभी होते. शेजारीच त्रेचाळीस सेक्टरचा बस अड्डा. खरडची बस येईपर्यंत मला धास्ती होती की त्या येणारच नाहीत. त्या आल्या. मुलीच्या केसांना दोन्हीकडे लाल रिबिनी, शाळेच्या कार्यक्रमाला निघाल्यासारख्या. आईनं रस्ता ओलांडताना पर्स छातीशी धरली होती, आणि तिचा उजवा तळहात पिवळा दिसला.

हळद मी ओळखते. ती स्वयंपाकाची असती तर बोटांना असती. ही तळव्याच्या मधोमध होती, घासून काढूनही राहिलेली.

"ताई, हे काय?"

तिनं मूठ मिटली. "उचललाय मी."

मुलगी पुढे चालत होती. मी आवाज उतरवला. "भंडारा?"

"काल बैठक घेतली आबांच्यात. मालकबी आलं हुतं पिंजौरासनं." मालक म्हणजे तिचा नवरा. "बेलाचं पान ठिवलं, भंडारा ठिवला. ही झोपली हुती मांडीवर, एक हात हिच्या डोक्यावर. कोर्टात तोंड उघडणार न्हाई म्हणून."

मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको. बेलपान आणि भंडारा हातात घेऊन बोललेला शब्द मागे घेता येत नाही. मोडला, तर ज्याच्या डोक्यावर हात होता त्याला भोगावं लागतं. आमच्या गावात बांधाच्या भांडणात एकानं खोटा भंडारा उचलला होता, आणि वर्षभरात त्याच्या पोराचा हात थ्रेशरमध्ये गेला. ही गोष्ट मला आठवते त्या वयापासून मी ऐकत आलेय. पुढे एमएसडब्ल्यू केलं, परीक्षेत अंधश्रद्धेवर चांगला निबंध लिहिला. तरीही तो पिवळा तळहात पाहून माझी नजर आधी पुढे चालणाऱ्या मुलीच्या डोक्याकडे गेली.

"मग आज हिला घेऊन कशा आलात?"

"मी तोंड उघडणार न्हाई असं उचललं. हिला आणणार न्हाई असं कुणी म्हटलंच न्हवतं." तिनं पदर सारखा केला. "त्येंला वाटलं, आई बोलली न्हाई तर पोर काय बोलतीय."

मी सरकारी वकील बाईंना सगळं सांगितलं. साक्षीदारावर दबाव आला तर ते सांगणं माझं कामच आहे. त्यांनी आईला बाजूला घेऊन विचारलं. संरक्षण मागू, न्यायाधीशांना सांगू, म्हणाल्या. आई नुसती नको म्हणून मान हलवत राहिली. दबाव नुसता आबांचा असता तर पोलीस उपयोगी पडले असते. तिला भीती होती ती देवाची.

मुलांची साक्ष वेगळ्या खोलीत होते. आरोपी दिसू नये म्हणून मधे पडदा असतो. वकिलानं प्रश्न न्यायाधीशांना द्यायचे आणि न्यायाधीशांनी ते मुलाला सोपे करून विचारायचे. आम्ही ती खोली आधी जाऊन बघून आलो होतो, म्हणून मुलगी सरळ आपल्या खुर्चीवर जाऊन बसली. न्यायाधीशबाईंनी आधी शाळेचं विचारलं, मैत्रिणीचं विचारलं. मग विचारलं, झूठ बोलना क्या होता है?

"जो हुआ नहीं, वो बोलना," ती म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "और जो हुआ, वो नहीं बोलना. वो भी."

मी तिच्या शेजारी बसले होते. मी हे तिला शिकवलं नव्हतं. पडद्यापलीकडे कुणीतरी खाकरलं, तशी ती एकदम थांबली आणि तिनं माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरलं. खाकरणं तिच्या ओळखीचं होतं. न्यायाधीशांनी पलीकडे कडक शब्दांत ताकीद दिली. पाणी आलं. ती पुन्हा बोलायला लागली. मधे दोनदा रडली, एकदा म्हणाली की मला घरी जायचंय, आणि तरी शेवटपर्यंत बोलली. शेवटी न्यायाधीशांनी विचारलं, अजून काही सांगायचंय? "मम्मीने भी देखा था," ती म्हणाली. "मम्मी बताएगी."

नंतर आईला आत बोलावलं. मी मुलीला घेऊन बाहेर बाकावर बसले. तिला भूक लागली होती. माझ्या पर्समधल्या मठरीचे, इकडच्या खाऱ्या पुरीचे, तुकडे तिनं खाल्ले, रिबीन सोडून पुन्हा बांधून घेतली. खूप मोठं काम उरकल्यासारखी ती पाय हलवत होती.

आईच्या मराठीसाठी कोर्टानं एक दुभाषी बाई बोलावल्या होत्या, एअर फोर्समधल्या अधिकाऱ्याच्या पत्नी, पुण्याच्या. दार उघडलं आणि आधी त्याच बाहेर आल्या. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "अहो, भाषांतराला काही मिळालंच नाही मला. हात मुठीत धरून त्या नुसत्या उभ्या होत्या. प्रत्येक प्रश्नाला."

मागून आई आली. मुलगी उडी मारून उठली.

"बता दिया?"

आईनं ती मूठ पदराखाली घेतली.

"मम्मी? बताया ना?"

आईनं तिचा हात धरायचा प्रयत्न केला. मुलीनं तो सोडवून घेतला. तिचा आवाज चढला नाही, ती रडली नाही. बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली आणि खिडकीतून बाहेर बघत राहिली. आई मागच्या सीटवर.

त्यानंतर मुलीनं आईशी बोलणं सोडलं. खरडच्या त्या एका खोलीत दोघीच, आणि बोलणं नाही. शाळेतून येऊन ती भिंतीकडे तोंड करून गृहपाठ करायची. मी गेले की माझ्याशी बोले. आईनं जेवायला वाढलं की ताट ओढून घेई. मला वकील बाई म्हणाल्या होत्या की मुलीची साक्ष चांगली झालीय, एकट्या तिच्या साक्षीवरही शिक्षा होऊ शकते. पण समोरचे म्हणणार, सख्खी आईच पाठीशी नाही, मग मुलगी खरं कशावरून बोलते?

आई मला आणखी एक गोष्ट करताना दिसली. मुलीच्या केसांचा गुंता काढताना ती शेंडे धरून विंचरायची. टाळूला हात लावायची नाही. मी विचारलं नाही. एकदा तीच म्हणाली, "बैठकीपासनं हिच्या डोक्याला हात लावला न्हाई मी. भ्या वाटतं."

मग तिनं मला सरळ विचारलं, "ताई, तुमी शिकलेल्या. खरं सांगा. भंडारा मोडला तर लागतो का?"

लागत नाही, म्हणणं सोपं होतं. पण त्यानं तिच्या हाती काय पडलं असतं? माझ्या शिक्षणावर तिनं भरवसा ठेवावा आणि तिच्या लेकीचा जीव त्या भरवशावर टांगावा, असं झालं असतं. शिवाय माझा नियम होता. बोला, असं मी तिला म्हणू शकत नव्हते. मी म्हटलं, "मला माहीत नाही, ताई. मीही तशाच गावातून आलेय. कायद्याचं विचाराल तर एवढं सांगते, साक्षीदाराला पुन्हा बोलवायची सोय असते. ते तुम्ही वकील बाईंना विचारा. पुढचं मी बोलणार नाही."

"शपथ मोडायची मी आन्‌ भोगायचं हिनं," ती म्हणाली. "देवाचा ह्यो कसला न्याव?"

मुलगी भिंतीकडे तोंड करून गणितं सोडवत होती. तिला मराठी बोलता येत नसलं तरी कळतं सगळं, हे आम्ही दोघीही विसरलो होतो. तिची पेन्सिल थांबली.

"मेरे सिर पे हाथ रख के बोला था?" तिनं न वळता विचारलं. इतक्या दिवसांनी तिनं आईशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

आई गडबडली. "व्हय."

"तो उल्टा बोल दो ना."

"म्हंजी?"

आता ती वळली. चेहरा रागावलेलाच. "जैसे कट्टी के बाद बट्टी होती है. फिर से हाथ रखो और उल्टा बोल दो. बोलो कि बोलूँगी. सिर तो मेरा है."

आईच्या तोंडून हसू फुटलं आणि त्याचंच रडू झालं. "आगं येडे, असं नसतंय बाळा..."

"क्यों नहीं होता? किसने बोला?"

उचललेला भंडारा परत ठेवायचा विधी मी तरी कधी ऐकला नाही. आबांना विचारलं असतं तर त्यांनी नसतो म्हणूनच सांगितलं असतं. मी त्या दिवशी तिथून निघून आले.

पुढे काय झालं ते आईनं मला नंतर सांगितलं. सकाळी पीजीवर जायच्या आधी तिनं खरडच्या शिवमंदिरातून बेलाचं पान आणलं. भंडारा नव्हता. स्वयंपाकाची हळद घेतली. मुलीला पाटावर बसवलं. मुलगी शाळेच्या गणवेशात, दप्तर पाठीवर, उशीर होतोय म्हणून कुरकुरत. आईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ती म्हणाली, "देवा, मी उचलला तवा मला जबरी केली हुती. आता माझ्या मनानं उचलते. बोलीन. हिला लागायचं ते मला लागू दे." मुलगी म्हणाली, "हो गया?" आणि रिक्षाकडे पळाली.

आईला पुन्हा बोलवावं म्हणून सरकारी वकिलांनी अर्ज केला. समोरच्या वकिलांनी विरोध केला की एवढ्या दिवसांत हिला पढवलंय. न्यायाधीशांनी अर्ज मंजूर केला. या वेळीही मी बाहेर बाकावर, मुलगी शेजारी, मठरी नको म्हणाली. आई खूप वेळ आत होती. पुण्याच्या बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता. "सगळं सांगितलं त्यांनी," त्या म्हणाल्या. "मघाशी त्या वकिलांनी विचारलं, मागच्या वेळी गप्प होतात, आता कुणी सांगितलं बोलायला? तर म्हणाल्या, लेकीनं. माझी हिंदी अडखळली हो भाषांतर करताना."

आई बाहेर आली. मुलीनं या वेळी काही विचारलं नाही. पाण्याची बाटली तिच्यापुढे धरली.

हे इथेच संपलं असतं तर बरं झालं असतं. पंधरवडाही झाला नाही आणि मुलीला ताप भरला. ऑक्टोबरात इकडे डेंगू घरोघर असतो. खरडच्या त्यांच्या गल्लीत तर एकही दार सुटलं नव्हतं. सरकारी दवाखान्यात एका खाटेवर दोन-दोन मुलं होती. मुलीच्या प्लेटलेट उतरत चालल्या. तिच्या दंडावर बारीक लाल ठिपके उठले. मी संध्याकाळी पोचले तेव्हा आई खाटेच्या पायथ्याशी उभी होती, दोन्ही हात पाठीमागे बांधून. डोक्याकडे जायला ती तयार नव्हती.

माझ्यासमोरच तिचा फोन वाजला. आबा होते. ऐकायला कमी यायचं म्हणून ते मोठ्यानं बोलत, मलाही ऐकू येत होतं.

"कळलं आमाला. बघ. मी म्हटलं न्हवतं? भंडारा फिरला."

मला वाटलं, आई आता कोसळणार.

"अजून येळ गेली न्हाई," आबा म्हणत होते. त्यांचा आवाज खरोखर कापत होता. मुलीसाठीच कापत होता. "देवाला कौल लावू. वकिलाला सांग, मी खोटं बोलली म्हणून..."

"आबा," आई म्हणाली. "हितं एका खाटंवर दोन पोरं हायती. वॉर्ड भरलाय, व्हरांडा भरलाय. ह्या समद्यांच्या आयांनी काय भंडारा उचलला हुता?"

तिनं खाटेजवळची पाण्याची बाटली उचलली.

"ठिवते. पोरीला पाणी पाजायचं हाय."

फोन ठेवल्यावर तिला बाटलीचं झाकण उघडेना, ते मी उघडलं. मग ती खाटेच्या डोक्याकडे गेली. मुलगी अर्धवट जागी होती. आईनं तिच्या कपाळावर तळहात टेकला, आणि तो तिथेच ठेवून उभी राहिली.

"मम्मी, आपका हाथ ठंडा है," मुलगी म्हणाली. "रखे रहो."

ताप उतरला. ती घरी आली. बऱ्याच महिन्यांनी निकालही लागला, शिक्षा झाली. निकालपत्रात मुलीची साक्ष विश्वासार्ह धरली आहे आणि आईच्या साक्षीनं तिला दुजोरा मिळतो असं म्हटलं आहे. शेठनी हायकोर्टात अपील केलंय, ते चालू आहे. मुलीचे वडील पिंजौरहून परत आले नाहीत. गावाकडे या दोघींचं नाव घेत नाहीत. गणपतीच्या वर्गणीला आता त्यांच्याकडे कुणी येत नाही. पहिल्या वर्षी मुलीनं विचारलं होतं, या वर्षी नाही विचारलं.

परवा मी खरडला गेले होते. आई पीजीच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. बोलता बोलता मी विचारलं, "अजून भीती वाटते का हो?"

तिनं पोळी तव्यावर टाकली.

"वाटती की. रोज सकाळी ती उठायच्या आदी कपाळाला हात लावून बगती मी. ताप नसला की मग चूल पेटवायची."

"तिला कळतं?"

"कळतंय न्हवं. डोळं मिटून पडून राहती. माझा हात काढून झाला की मग उठती."